खावटीचा हिशेब कोण सांगणार?

सुरतेहून बारडोलीकडे निघालं की कडोदऱ्याच्या चौफुलीपाशी पलसाणा तालुक्याचं दुहेरी रूप दिसू लागतं. एका बाजूला कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या मिलच्या चिमण्या, महामार्गावरून अखंड धावणारे मालट्रक, पलसाण्याचं टेक्स्टाइल पार्क. दुसऱ्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि चलथाणचा सहकारी साखर कारखाना. तालुक्यातून जाणारा लोहमार्ग तापीच्या खोऱ्याने पूर्वेकडे चढत जातो. उधना, चलथाण, गंगाधरा, बारडोली, व्यारा आणि मग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. पश्चिम खानदेशातल्या माणसाला पोट भरायला सुरत जवळची वाटते, मुंबई-पुणे लांबचं, ते या मार्गामुळे. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांवरची कुटुंबं कोयता, भांडी, अंथरूण आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. अशा कित्येक पिढ्या झाल्या. हंगामात किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, सभासदाला टनामागे काय भाव मिळाला, हे सारं कारखान्याच्या अहवालात सापडतं. तो ऊस कुणी तोडला, असं विचारलं तर मात्र दाखवायला कागद नसतो. मजुरांच्या आठवणी टिपून ठेवण्याच्या कामाकडे आपल्याकडे हौस किंवा फार तर साहित्याचा कच्चा माल म्हणून पाहिलं जातं. माझं म्हणणं असं की, पलसाण्यासारख्या ठिकाणी कामाच्या इतिहासाचं पहिलं आणि मुख्य साधन मजुराची आठवण हेच आहे, कारण तिथे दुसरं साधन तयारच होऊ दिलेलं नाही.

हे विधान कुणाला धाडसी वाटेल, म्हणून मजुरीचा व्यवहार कसा चालतो ते आधी पाहू. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी असतो. मुकादम पावसाळ्यातच पाड्यांवर फिरून उचल वाटतो आणि माणसं बांधून घेतो. हंगाम चालू असताना पोटापुरतं धान्य आणि थोडी रोकड मिळते, ती खावटी. मजुरी टनावर ठरते, पण ती हातात पडते हंगामाच्या शेवटी, उचल आणि खावटी व्याजासकट वळती करून. मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा, बायको आणि पुष्कळदा मोळ्या उचलायला हाताशी असलेलं एखादं मूल, हे सगळे मिळून एक कोयता. बाईच्या मजुरीचा वेगळा आकडा नसतो आणि तिचं नावही कुठे येत नाही. हिशेबाची वही मुकादमाची, लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच. आता यात मजुराचं नाव कागदावर नसणं हा कारकुनी हलगर्जीपणा म्हणायचा का? ज्याची नोंद आहे तो किमान वेतन मागू शकतो, ट्रक भरताना पाय मोडला तर भरपाई मागू शकतो, आपण अमुक कारखान्याचा कामगार आहोत असं म्हणू शकतो. ज्याची नोंद नाही त्याला यातलं काहीच शक्य नाही. नोंद टाळण्यात पैसा वाचतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटोसकट पासबुक द्यावं, त्यात मजुरीचा दर, उचल आणि कपात लिहावी, आणि हे मजुराच्या स्वतःच्या भाषेतही लिहावं, असं सांगून ठेवलं होतं. ते पासबुक पडावापडावांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या मुक्कामांवर, खरोखर पोचलं असतं, तर आज मजुराच्या आठवणीवर विसंबायची वेळ आली नसती.

ही तऱ्हा ऊस आल्यावर सुरू झाली असंही नाही. पलसाणा पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका होता, म्हणजे गायकवाडांचा मुलूख, आणि शेजारचा बारडोली इंग्रजी अमलातला. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच रीत होती, हाळी प्रथा. दुबळा जातीचा मजूर लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा हाळी होई. त्याने शेतात राबायचं, त्याच्या बायकोने मालकाच्या घरी शेण-झाडलोट करायची, आणि कर्ज सहसा फिटायचं नाही, मुलाच्या लग्नात नवं चढायचं. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली होती, पण हे नातं कर्जाचं आणि म्हणून राजीखुशीचं, अशी समजूत करून घेऊन कायदा बाजूला राहिला. १९२८ चा बारडोली सत्याग्रह साऱ्या देशाला ठाऊक आहे. २२ टक्के सारावाढीविरुद्ध वल्लभभाईंनी लढा दिला, महादेवभाई देसाईंनी त्याचा सविस्तर वृत्तान्त लिहिला, सरकारी चौकशीचा अहवालही उपलब्ध आहे. त्या लढ्याचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण सारा भरायचा तो जमीनधारकाने. त्याच शेतात राबणाऱ्या हाळ्याच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून सारा नव्हता, म्हणून त्याचं नाव दप्तरातही नव्हतं. हाळ्याचं जगणं काय होतं हे पुढे पुष्कळ अंशी कळलं ते १९६२ मध्ये दक्षिण गुजरातेतल्या दोन गावांत राहायला आलेल्या यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञामुळे. त्यांनी मालकांना विचारलं आणि मजुरांनाही विचारलं. मालक जिथे सांभाळ पाहत होते, तिथे मजूर पिळवणूक पाहत होता. ब्रेमान यांच्या १९७४ च्या पुस्तकाच्या शीर्षकात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत. त्यांनी गावांची खरी नावं छापली नाहीत. बोलणाऱ्याला त्याच गावात पुढेही राहायचं असतं, याचं भान त्यात होतं.

तोंडी कथनाने काय हाती लागतं याचा सगळ्यात ठळक पुरावा याच पट्ट्यातला आहे. तापीवरच्या काकरापार बंधाऱ्याचं आणि नंतर उकाई धरणाचं पाणी कालव्यांनी खाली आलं, तशी या भागातली ज्वारी-कापूस मागे पडून ऊस आला. पाठोपाठ सहकारी कारखाने उभे राहिले आणि सहकाराचा नमुना म्हणून त्यांचा गौरव झाला. अहवाल वाचले तर उत्पन्न वाढलं, रोजगार वाढला, असंच चित्र दिसेल, आणि त्यातला आकडा न् आकडा खराही असेल. पण ऊसतोडीला माणसं लागली तेव्हा गावातला हळपती, म्हणजे पूर्वीचा दुबळा, मागेच राहिला आणि तोडीला आला खानदेशातला आदिवासी व शेतमजूर. हळपती कामाच्या शोधात वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांत गेला. एका माणसाच्या दाराशी काम आलेलं असताना तो परगावी जातो आणि त्याच कामाला दुसरा दूरवरून येतो, याचा उलगडा कुठल्याही एका अहवालातून होत नाही. ब्रेमान यांनी १९७०च्या दशकात बारडोली भागात पडावांवर जाऊन तोडणीवाल्यांशी आणि मुकादमांशी बोलून तो केला. १९७८ मध्ये त्यांचा त्यावरचा दीर्घ लेख आला. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो, आजारी पडला तर येत नाही, चार जण मिळून दराची घासाघीस करतात. परका मजूर रानातच पाल ठोकून राहतो, रात्री ट्रक आला तर रात्रीच उठून भरतो, उचल अंगावर असल्याने अर्ध्यावर सोडून जात नाही, आणि हंगाम सरला की आपोआप नाहीसा होतो. म्हणजे दोघांची गरिबी एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या. हळपत्याला वाटे, परक्यांनी काम पळवलं. खानदेशी माणसाला वाटे, इथले लोक कामाला नको म्हणतात. दोन्ही कथनं एकमेकांशेजारी ठेवली तेव्हाच त्यांच्या वर बसलेली व्यवस्था दिसली. मजुरांच्या आठवणी फक्त दुःख सांगतात, कारण सांगत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

यावर इतिहासकारांचा जुना आक्षेप आहे की आठवण दगा देते. माणूस वर्ष चुकतो, दोन प्रसंगांची सरमिसळ करतो, मागाहून ऐकलेलं स्वतःचं म्हणून सांगतो. खरं आहे हे, आणि ते नाकारून काम भागणार नाही. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावी १९४९ मध्ये एका मोर्च्यात लुईजी त्रास्तुली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. मोर्चा होता नाटो करारात सामील होण्याविरुद्ध. अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी पुढे तिथल्या म्हाताऱ्या कामगारांना बोलतं केलं, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ मधला म्हणून सांगितला, जेव्हा कारखान्यातून हजारो कामगारांना काढलं आणि रस्त्यावर दंगल उसळली. तारीख चुकीचीच होती. पण एकट्यादुकट्याची नव्हे, गावाची ती चूक होती, आणि तिच्यातून गावाची जखम कुठे होती ते कळलं. परराष्ट्र करारापायी एक माणूस गेला हे त्यांना पटण्याजोगं नव्हतं. नोकऱ्या गेल्या तेव्हा तो गेला असं मानलं तरच त्या मरणाला अर्थ उरत होता. तारीख तपासायला वर्तमानपत्र होतं, अर्थ सांगायला मात्र कामगारच लागले. खानदेशातला तोडणीवालाही सन सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, उकाईचं पाणी भरलं तेव्हा, सुरतेत प्लेग आला त्या साली, तापीच्या महापुराच्या वर्षी, असं तो मोजतो. ऐकणाऱ्याला दुष्काळ १९७२ चा, प्लेग १९९४ चा आणि महापूर २००६ चा हे ठाऊक असलं की हे पंचांग पुष्कळ नेमकं निघतं. शिवाय माणसाला वर्ष आठवत नसलं तरी उचल किती होती आणि कुठल्या लग्नापायी घेतली, हे तो सहसा विसरत नाही.

आणि तुलना करायची तर दोन्ही बाजूंची करायला हवी. आठवण चुकते, तसा कागदही चुकतो. फरक इतकाच की कागदाची चूक शिक्का घेऊन येते. ४ मे २०२० रोजी पलसाणा तालुक्यातल्या वरेली गावात, कडोदऱ्याजवळ, टाळेबंदीत अडकून पडलेले शेकडो परप्रांतीय मजूर घरी पाठवा म्हणून रस्त्यावर आले. पोलिसांशी चकमक झाली, दगडफेक झाली, अश्रुधुराची नळकांडी फुटली. दप्तरात हा प्रसंग गुन्ह्याच्या नोंदीच्या रूपाने राहील: जमाव, दगडफेक, अटक. मजुरांच्या एकेका खोलीत किती जण राहत होते, मिल बंद झाल्यावर कितव्या दिवशी पैसे संपले, घरमालकाने भाडं सोडलं की मागितलं, गावाहून फोनवर काय सांगत होते, हे त्या नोंदीत नाही. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले. श्रम मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की अशी माहिती ठेवलेली नाही. आठवणीवर अविश्वास दाखवणाऱ्या अभ्यासकाने या उत्तरापुढे काय करायचं ते सांगावं. इथे आकडा आणि आठवण यांत निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आकडा नाहीच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. चार-दहा माणसांच्या कहाण्यांवरून लाखोंबद्दल काय म्हणता येईल? ज्याचं दुःख मोठं त्याच्याकडेच मुलाखत घेणारा जाणार, आणि चित्र काळंच उमटणार. ही भीती रास्त आहे. तिला उत्तर बीडमध्ये सापडतं. तिथल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातात, ही गोष्ट आधी बायकांच्या बोलण्यातून, कार्यकर्त्यांच्या आणि पत्रकारांच्या कानांवर पडून पुढे आली. मासिक पाळीत खाडा झाला तर दंड, पडावावर पाणी नाही, आडोसा नाही, दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला, असं त्या सांगत होत्या. २०१९ मध्ये त्यावर गदारोळ झाला तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. आधी कुणी मोजलं नव्हतं, कारण मोजण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. काय मोजायचं हे बायकांच्या कहाण्यांनी सांगितलं आणि किती ते पाहणीने. कहाणी एकटी पुरत नाही, हे मान्य करायला मला अडचण नाही. पण तिच्यावाचून पाहणीतला तो रकानाच आखला गेला नसता.

ऐकण्याचंही एक शास्त्र आहे. ‘वर्षाला किती कमावता?’ या प्रश्नाला ऊसतोडीवाला गप्प बसतो किंवा काहीतरी सांगून मोकळा होतो, कारण कमाई म्हणून एकरकमी काही त्याच्या हातात आलेलंच नसतं. त्याऐवजी क्रमाने विचारावं. उचल कशासाठी घेतली: लग्न, दवाखाना, घरावरची कौलं, की मागच्या साली राहिलेली बाकी? घरी मागे कोण राहिलं, म्हातारी की शाळेतली मुलगी? पडावावर पाणी कुठून आणलं? रात्री ट्रक आला तेव्हा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून कोण चढलं, आणि तेव्हा लहान मूल कुठे होतं? टनाची पावती पाहिली का? परतताना काय आणलं आणि ते कधीपर्यंत पुरलं? या शेवटच्या प्रश्नात सगळं अर्थशास्त्र येतं. आणलेलं धान्य पावसाळ्याच्या मध्याला संपतं, शेतातलं अजून हाती आलेलं नसतं, आणि नेमका तेव्हाच मुकादम नवी उचल घेऊन दारात उभा राहतो. कर्जबाजारीपणाचं चक्र म्हणून पुस्तकात जे वाचतो, त्याचे महिने आणि त्यातली माणसं अशी समोर येतात. हे बोलणं मुकादमासमोर होत नाही, आणि बाईचं बोलणं नवऱ्यासमोर होत नाही. मराठीत हे भान ठेवून झालेलं काम आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन बोलतं केलं, त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ झालं. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या कामगारांचं तोंडी कथन २००४ मध्ये ग्रंथरूपाने आणलं, म्हणून १९८२ चा संप आज फक्त ‘किती गिरण्या बंद पडल्या’ इतकाच उरलेला नाही.

कुणी असंही म्हणेल की जुनं दुःख उगाळून मजुराला काय मिळणार. आता दिवस बदललेत, पाड्यावर मोटरसायकली आल्या, सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये खानदेशी माणसांनी स्वतःची घरं बांधली. बदल झालाच आहे, आणि तो सांगायलाही तीच माणसं हवीत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून घर उभं करणारा, उसातून बाहेर पडून गाडी चालवू लागलेला, मुलीला नर्सिंगला पाठवणारी आई, यांची कथनं नोंदली नाहीत तर गरिबीतून वाट नेमकी कुठून निघते हेही कळणार नाही. मुकादमाचंही ऐकायला हवं. तोही बहुधा एके काळी कोयताच चालवत होता, आणि कारखाना त्याच्याकडून काय कबूल करून घेतो हे त्याच्याशिवाय कोण सांगेल? राहिला प्रश्न सांगणाऱ्याला काय मिळतं याचा. ताबडतोब फार काही मिळत नाही आणि तसं आमिष दाखवूही नये. नाव हवं तर नाव, नको तर टोपणनाव. ध्वनिमुद्रण त्याच्या मोबाइलवरही द्यावं. छापण्याआधी त्याला वाचून दाखवावं. एवढं पाळलं नाही तर हेही दुसऱ्याच्या श्रमावर स्वतःचं शेत पिकवणंच ठरेल.

मराठी वाचकाशी हे बोलण्याचं कारण वेगळं आहे. पलसाण्याच्या उसात राबणारा नंदुरबारचा माणूस गुजरातच्या लेखी परप्रांतीय, आणि महाराष्ट्रात ऊसतोड म्हटली की बीड आणि पश्चिम महाराष्ट्रच डोळ्यांपुढे येतात. तो दोन राज्यांच्या दप्तरांच्या फटीत पडलेला आहे. त्याची बोली अहिराणी, भिली, मावची किंवा पावरी; प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तो पाहुण्याला द्यावं तसं उत्तर देतो. काकरापारच्या कालव्यांनंतर पहिल्यांदा गुजरातेत उतरलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि उकाईत गावं बुडाल्यावर निघालेलीही सत्तरीत. तोडणीला आता यंत्रं येऊ लागली आहेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे तरुण विद्यार्थी आहेत, आणि त्यांतले कित्येक याच घरांतले आहेत. नवापूर, तळोदा, साक्री, शिरपूरला महाविद्यालयं आहेत. एका मुलाने आपल्या आजीला तिच्या बोलीत तासभर बोलतं करायचं, ते लिहून काढायचं आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपून ठेवायचं, याला मोठं अनुदान लागत नाही. तोडणीवाले पावसाळ्यात घरी असतात. शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी येत्या आषाढातच सुरुवात करावी, आणि पहिला प्रश्न खावटीचा विचारावा.